परबकाकांची म्युनिक-लिंझ अप

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते विक्रोळीच्या अनंत परब या गृहस्थांचे. आईवडिलांनी जन्म दिला, पोटाला चिमटा काढून शिकवलं. पण मुंबईत पाठ टेकायला जागा दिली ती परबकाकांनी. आणि ती देताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

“लोअर की अप्पर?”

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. घरातला पहिला पदवीधर. विक्रोळीच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून नोकरी लागली तेव्हा वडिलांनी आख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. मुंबईत आलो आणि खोली शोधायला लागलो, तर प्रत्येक एजंट आधी आडनाव विचारायचा आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगायचा. एका घरी तर बाई चहा ओतत होत्या. आडनाव ऐकलं आणि कप अर्धाच राहिला. अशा वेळी कन्नमवार नगरातल्या एका पानवाल्यानं परबांचं घर दाखवलं. काकांनी दार उघडलं, माझ्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं, ती खाटेखाली मावेल का याचा डोळ्यांनी अंदाज घेतला आणि आडनावाऐवजी बर्थ विचारला.

आतल्या खोलीत लोखंडी दुमजली खाट होती. पहिल्याच दिवशी खालची मागणं बरं दिसणार नाही म्हणून मी “अप्पर” म्हणालो.

“बरं केलंस,” काका म्हणाले. “लोअर रिझर्व्ह आहे.”

ती त्यांच्या मुलासाठी, नितीनदादासाठी. तो ऑस्ट्रियात लिंझ नावाच्या गावी पोलादाच्या कारखान्यात नोकरी करतो. गेल्यापासून तो एकदाच येऊन गेला होता, तोही काकूंच्या दिवसांना. पण खालच्या बर्थवरची चादर दर रविवारी बदलली जायची. माझी महिन्यातून एकदा, मी आठवण केली तर.

काका मूळचे कणकवलीकडचे, कारखान्याच्या गोदामातून निवृत्त झालेले. एरवी आपलं साधं मुंबईचं मराठी बोलायचे. राग आला किंवा फार आनंद झाला की मालवणीत शिरायचे. आणि त्यांचा छंद म्हणा, व्यसन म्हणा, एकच होतं: विक्रोळीत बसून युरोपातल्या रेल्वेची तिकिटं स्वस्तात काढून देणं. स्वतः ते विमानतळाच्या आत कधी गेले नव्हते. नितीनदादाला सोडायला गेले तेव्हाही काचेच्या बाहेरून हात केला होता.

सुरुवात नितीनदादापासूनच झाली. तो पहिल्यांदा म्युनिकला उतरला आणि पुढे लिंझला जायला त्यानं स्टेशनवर, ऐनवेळी, पूर्ण दराचं तिकीट काढलं. फोनवर सहज किंमत सांगितली. काकांनी तिचे रुपये केले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

“फुल फेअर!” हे मला ते अनेकदा सांगायचे, दर वेळी नव्या दुःखानं. “माझो झील. परबाचो झील. फुल फेअर देऊन गेलो!”

मग नितीनदादाचा जुना लॅपटॉप त्यांनी ताब्यात घेतला आणि अभ्यासाला लागले. देवाच्या फोटोशेजारी युरोपचा नकाशा आला. मुंबईकडे येणारी गाडी अप आणि मुंबईपासून दूर जाणारी डाऊन, हा नियम त्यांनी सगळ्या खंडाला लावला. त्यामुळे म्युनिकहून लिंझला जाणारी गाडी अप. कारण सरळ आहे, ती पूर्वेला जाते. पूर्वेला जात राहिली तर कधी ना कधी मुंबईच येणार.

हळूहळू मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत बातमी पसरली. लोक युरोपची सहल ठरवली की परबांकडे यायचे. काका पैसे घ्यायचे नाहीत, हुकूम द्यायचे. मधल्या दुकानदाराकडून तिकीट घ्यायचं नाही, ज्या देशाची गाडी त्या देशाच्या रेल्वेकडूनच घ्यायचं. गाडी दोन देशांतून जात असेल तर दोन्ही देशांच्या रेल्वेचा भाव बघायचा, एकाच गाडीचे भाव वेगळे असतात. बुकिंग काही महिने आधी उघडतं; उघडलं की पहिल्याच दिवशी घ्यायचं. स्वस्त तिकीट त्या एका गाडीपुरतंच, चुकलं तर गेलं. शुक्रवारी प्रवास करायचा नाही.

हा शेवटचा नियम बोरिवलीच्या एका मुलीच्या लग्नाला भोवला. हनिमूनचं तिकीट काढायला तिचे वडील आले. काकांनी तारीख बघितली आणि मान हलवली.

“लग्न अलीकडे घ्या. चार दिवस.”

“अहो, मुहूर्त आहे तो!”

“मुहूर्त भटजी बदलून देईल. हे तिकीट कोण बदलून देणार?”

गृहस्थ रागारागानं निघून गेले. आठवड्याभरानं परत आले आणि खाली मान घालून नवी तारीख सांगितली. हॉलही त्या दिवशी स्वस्तात मिळाला म्हणे.

पैसे भरायची वेळ म्हणजे आमच्या घरात यज्ञ असायचा. लॅपटॉप आतल्या खोलीत चालायचा आणि फोनला नेटवर्क फक्त बाहेरच्या गॅलरीत. बँकेचा ओटीपी गॅलरीत येणार आणि भरायचा आत. म्हणून मी गॅलरीत उभा राहून आकडे ओरडायचो. एकदा काकांच्या मनात आलं, खालच्या मजल्यावर कोणी ऐकलं तर? त्यांनी सुरक्षेची योजना काढली: मी प्रत्येक आकड्यात एक मिळवून ओरडायचं, त्यांनी एक वजा करून भरायचं. मी ओरडलो, त्यात नवाचं दहा न म्हणता शून्य केलं. आतून आवाज आला, “मिलिंदा, शून्यातून एक कसा वजा करू?” शून्याचा विचार करेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. खालच्या शिर्केवहिनी वर बघून म्हणाल्या, “परबकाका, पुढच्या वेळी नीट सांगा हो, मी पण हिशोब करत बसले होते.”

पण सगळ्यात गाजलं ते मुलुंडच्या साठ्यांचं प्रकरण. साठे पतिपत्नी व्हिएन्नात होते आणि त्यांना म्युनिकला जायचं होतं. काकांनी शोधून काढलं की तीच गाडी बुडापेस्टहून निघते आणि बुडापेस्टपासूनचं तिकीट व्हिएन्नापासूनच्या तिकिटापेक्षा स्वस्त आहे. दुसऱ्या कोणी बुडापेस्टचं तिकीट काढून व्हिएन्नाला चढायला सांगितलं असतं. काकांनी साठ्यांना आदल्या दिवशी उलट दिशेनं बुडापेस्टला पाठवलं, तिथे रात्र काढायला लावली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून पुन्हा व्हिएन्नामार्गे म्युनिकला नेलं. परत आल्यावर साठे भांडायला विक्रोळीत हजर.

“परब, गाडी व्हिएन्नाला थांबली हो! ज्या दुकानात आम्ही पाव घेत होतो ते दुकान खिडकीतून दिसत होतं. तिथेच का नाही चढायचं?”

“आणि तोपर्यंत टीसीनं तुमची सीट आरएसीवाल्याला दिली असती म्हणजे?”

“तिथे आरएसी नसतं!”

“नसतं कसं?” काका खरोखर चकित झाले. “रेल्वेच आहे ना ती?”

त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ज्याची सीट रिकामी दिसेल त्याची ती वाटेतल्या कुणाला तरी दिली जाणार. कोकणात जाताना एकदा असंच झालं होतं म्हणे. साठे बोलून बोलून दमले, तेव्हा साठेकाकू हळूच म्हणाल्या, “पण बुडापेस्टच जास्त छान होतं हो.” त्यावर साठ्यांनी चहा मागितला.

नितीनदादाचा फोन दर रविवारी यायचा. मी वरच्या बर्थवर असायचो, त्यामुळे ऐकू यायचंच.

“बरा आहेस?”

“हो. तुम्ही?”

“बरा. जेवलास?”

“जेवलो. तुम्ही?”

“हो. मग?”

“मग काय. चाललंय.”

इथे बापलेकांचं बोलणं आटपायचं. मग नितीनदादा हमखास म्हणायचा, “बाबा, काल साल्झबर्गला जाऊन आलो. स्टेशनवरच मशीनमधून तिकीट काढलं.” आणि काका उसळायचे. “मशीन? फुल फेअर? मेल्या, तुका किती वेळा सांगलंय!” त्यानंतर बराच वेळ, खूप बराच वेळ, ते फोनवर त्याला झापत बसायचे. फोन ठेवल्यावर त्यांची तब्येत दिवसभर छान असायची.

एकदा मी न राहवून विचारलं, “काका, तुम्हीच का जाऊन येत नाही? दोन गोष्टी समोरासमोर सांगाल.”

“बोलावलं पाहिजे.”

“मुलाच्या घरी जायला?”

“मुलाच्याच घरी.” ते मालवणीत गेले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “आमच्या वाडीत सख्खो भाव शेजारी ऱ्हवता. पण कार्य असला की तो दारात येवन सांगणार, जेवूक येवा. नाय सांगला तर माझो बापूस चुलीवर भात नसलो तरी जायचो नाय. फोनवरचा बोलावणा चालत नाय. दारात येवक व्हया.”

“अहो, पण नितीनदादा ऑस्ट्रियाहून दारात कसा येणार?”

“तो त्याचो प्रश्न.”

व्हिसासाठी मुलाचं निमंत्रणपत्र लागतं, ते मागवून घ्या, असं एका एजंटानं त्यांना सांगितलंही होतं. काका त्याच्याकडून उठून आले. मला म्हणाले, “मुलाकडं तिकिटाचे पैसे मागीन. बोलावणा मागान घेतला तर ता बोलावणा कसला?”

हे मला पटलं नाही. पण ज्यांच्या घरात आडनाव न सांगता राहिलो, त्यांना वाडीचा रिवाज समजावणारा मी कोण?

मग गेल्या हिवाळ्यात माझ्या कंपनीनं मला एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी म्युनिकला पाठवायचं ठरवलं. सेलूला फोन केला तर आई रडली आणि वडिलांनी विचारलं, “परब काय म्हणतात?” परबांनी बातमी ऐकली आणि लगेच लॅपटॉप उघडला. शनिवार-रविवारी सुट्टी होती. मी लिंझला जाऊन नितीनदादाला कोकम, कुळथाचं पीठ आणि काजू द्यायचे, हे ठरलं. तिकीट काकांनी काढलं. मला गॅलरीत पाठवलं नाही. फोन हातात धरून स्वतःच आतबाहेर धावले. तिकीट माझ्या फोनवर पाठवताना म्हणाले, “मी नितीनला पण पाठवलंय. घ्यायला येईल. तू फक्त दाखव. वाचत बसू नको.”

मी आज्ञाधारक माणूस. वाचलं नाही.

म्युनिकला गाडीत बसलो. सीटच्या वर छोट्या पट्टीवर आरक्षण दिसत होतं: म्युनिक ते लिंझ. माझ्या शेजारच्या, खिडकीजवळच्या सीटवरही तेच: म्युनिक ते लिंझ. गाडी सुटली तरी तिथे कोणी आलं नाही. मी काकांना फोन लावला.

“काका, शेजारची सीटपण आपलीच आहे का?”

“सामानाक घेतलंय.”

“सामान वर ठेवलंय.”

“मग पाय पसर. डब्यात गर्दी आहे का? कोणी बसूक इलो तर जागा देव नको.”

“देत नाही.”

“दोन घेतली की स्वस्त पडतत,” काका घाईनं म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचे सगळे नियम मला पाठ होते. असा नियम त्यांत नव्हता.

थोड्या वेळानं तिकीट तपासनीस आले. उंच, मिशाळ, चेहऱ्यानं आमच्या सेलूच्या हेडमास्तरांसारखे. त्यांनी माझा फोन घेतला, वाचला आणि इंग्रजीत विचारलं, “यावर दोन प्रवासी आहेत. आपण परब का?”

मी फोन परत घेऊन पहिल्यांदा तिकीट वाचलं. वर माझं नाव होतं. खाली अनंत गणपत परब.

“नाही,” मी म्हणालो. “परब ते.” आणि रिकाम्या सीटकडे बोट केलं.

त्यांनी सीटकडे पाहिलं. मग संडासाच्या दाराकडे पाहिलं. “ते कुठे आहेत?”

“घरी.”

“घरी कुठे?”

“विक्रोळीला.”

त्यांना विक्रोळी कुठे असते ते कळलं नसावं, पण माझा चेहरा बघून काहीतरी कळलं. मान हलवून ते पुढे गेले. येताना-जाताना मात्र त्या सीटशी थोडं थांबायचे. वाटेत एका बाईंनी ती मोकळी आहे का विचारलं. मी “नाही” म्हणालो आणि कोकमची पिशवी वरून काढून तिथे ठेवली. बाहेर बर्फ पडलेली शेतं चालली होती. मी ती नीट बघितली नाहीत. व्हिसा नाही, विमानाचं तिकीट नाही आणि या माणसानं रेल्वेचं काढलं होतं. बुकिंग उघडल्या दिवशी, दुसरं कुणी घ्यायच्या आधी.

लिंझला उतरलो. फलाटावर नितीनदादा उभा होता. मी त्याला फोटोवरून ओळखलं. त्यानंही मला ओळखलं, हात मिळवला, पण नजर माझ्या मागे, डब्याच्या दाराकडे. लोक उतरले. दार बंद झालं. गाडी निघून गेली.

“एकटाच आलास?” त्यानं विचारलं.

“हो.”

“तिकिटावर बाबांचं नाव होतं.”

मग मला सगळं कळलं. मला मिळालं तेव्हाच त्यालाही ते तिकीट मिळालं होतं. त्यानं फोनवर विचारलं नव्हतं. “विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते तर?” असं नंतर म्हणाला. व्हिसाचं काय, हे त्याच्याही मनात आलं होतं. पण स्वस्त तिकीट मिळालं तर बाबा व्हिसासुद्धा कुठूनतरी आणतील असं तो धरून चालला होता. घरी गेलो तर बाहेरच्या खोलीत नवी गादी. स्वयंपाकघरात बांगडा, दूरच्या कुठल्यातरी बाजारातून आणलेला, बर्फात कडक झालेला. त्यानं त्याचं तिखलं केलं. दोघांनीच खाल्लं. तिसरं ताट वाढलेलं नव्हतं, पण काढून ठेवलेलं होतं.

“दादा,” मी धीर करून म्हणालो, “तुम्ही त्यांना बोलावलं का नाहीत?”

“बापाला आमंत्रण?” तो चिडला, अगदी काकांसारखा, तीच मान, तोच आवाज. “परको आसा काय तो? बोलावणा पाहुण्याक करतत. हा घर त्यांचा आसा. त्यांनी येवचा आणि बेल मारूची, बस!”

तो बराच वेळ काटे वेचत बसला. मग म्हणाला, “आणि मशीनमधून तिकीट मी काढतच नाही रे. वर्षभराचा पास आहे माझ्याकडे. पण मशीनचं सांगितलं नाही तर बाबा फोन लगेच ठेवतात.”

त्या दिवशी मी त्याला वाडीचा रिवाज सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्टेशनवर गेलो, आणि म्युनिकला परतल्यावर मी हे पत्र कुरियरनं पाठवलं. पोचवणाऱ्यानं ते दारात जाऊन हातातच द्यावं, अशी मी खास सूचना केली होती.

तीर्थस्वरूप काकांस,

सप्रेम जयभीम आणि नमस्कार.

मी खुशाल आहे. कोकम आणि पीठ पोचलं. काजू आम्ही स्टेशनवरच संपवले, त्याबद्दल माफी असावी.

हे पत्र बोलावण्याचं आहे. नितीनदादांना स्वतः दारात येता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मी येत आहे असं समजावं. तुमच्या वाडीत असं दुसऱ्यानं जाऊन सांगितलेलं चालतं की नाही हे मला माहीत नाही. चालत नसेल तर मी विक्रोळीला परत आल्यावर बाहेर जाऊन बेल वाजवून पुन्हा सांगेन. सोबत व्हिसासाठी त्यांच्या सहीचा कागद जोडला आहे. तो कुणी मागितला नव्हता. त्यांनी आपणहून, माझ्यासमोर, दोनदा लिहिला. पहिल्यावर हळदीचा हात लागला.

आता जे लिहितो ते बसून वाचावं. रविवारी सकाळी नितीनदादांनी स्टेशनच्या खिडकीवर तुमचं म्युनिक ते लिंझ तिकीट काढलं. मी शेजारी उभा होतो आणि मी त्यांना अडवलं नाही. खिडकीवरच्या बाईंनी तारीख विचारली. नितीनदादांना सांगता येईना. रांग मोठी होती. बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, माझे वडील येणार आहेत, कधी ते ठाऊक नाही. बाईंनी सांगितलं, तारीख बदलता येईल असं तिकीट आहे, पण ते पूर्ण दराचं असतं. ते म्हणाले, द्या.

किती पडले ते मी लिहीत नाही. मला विचारू नये, मी सांगणार नाही. ते त्यांनाच विचारा, इथे येऊन, समोर बसून. आणि हवं तेवढं ओरडा. मी बघितलंय काका, ते त्याचीच वाट बघतायत.

आपला,
मिलिंद